खेळ रचणाऱ्याची पहिली भाषा

भाषा निवडण्याचा प्रश्न बीड जिल्ह्याला नवा नाही. अंबाजोगाईजवळच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ रचला असे परंपरा सांगते. त्या काळाविषयी आणि स्थळाविषयी पंडितांत वाद आहेत. ते तूर्त बाजूला ठेवू. आपल्याला एवढेच पाहायचे आहे की, शास्त्र सांगायचे तर ते संस्कृतात, असा दंडक असताना या पुरुषाने वेदान्तासारखा अवघड विषय मराठीत मांडला. ऐकणारा कोण आहे हे त्याने आधी पाहिले आणि मग भाषा ठरवली.

आज त्याच अंबाजोगाईत, केजात, पाटोद्यात, आष्टीत एखादा मुलगा किंवा मुलगी निराळ्याच भाषेविषयी विचारत असते. मोबाईलवर चार मित्र चार गावांत बसून एकच डाव खेळतात, तसा खेळ आपणही रचावा असे तिच्या मनात येते. मग पहिला प्रश्न उभा राहतो : संगणकाची कोणती भाषा आधी शिकू? कोणी म्हणतो सी प्लस प्लस, कोणी पायथन, कोणी जावा. क्लासवाला तीनही शिकवायला तयार असतो, फक्त फी तिप्पट होते.

हा प्रश्न शहरातल्या सुखवस्तू मुलाला फारसा जड जात नाही. एक भाषा जमली नाही, तर तो दुसरी धरील. पण ज्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, ज्यांचे शिक्षण हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहून होते, त्यांच्या हातून एक वर्ष वाया गेले तर पुन्हा कोणी दुसरे वर्ष देत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर ऐकीव मतांवर सोडू नये. इतिहासाला विचारावे. ऑनलाइन खेळांचा इतिहास जेमतेम पन्नास-साठ वर्षांचा आहे, पण बोलका आहे.

आधी अगदी मुळाशी जाऊ. १९६२ मध्ये अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ केला. एका पडद्यावर दोन याने, आणि ती चालवणारे दोघे शेजारी शेजारी बसलेले. तो लिहिला गेला पी.डी.पी.-१ या यंत्राच्या असेंब्ली भाषेत. म्हणजे यंत्राच्या अंगाला अगदी खेटून असलेल्या, माणसाला कष्टाच्या भाषेत. का बरे? उत्तर साधे आहे. समोर ते यंत्र होते आणि त्याच्याशी बोलण्याची तीच वाट होती. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये रीतसर चालू झाला. पण खेळासाठी संगणक वापरावा ही चैन त्या दिवसांत कोणाला परवडणार?

पुढे १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही भाषा घडवली. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणकाशी बोलता यावे, हा तिचा हेतू. १९७३ मध्ये डेव्हिड अॅल यांनी बेसिकमधल्या १०१ खेळांचे पुस्तकच काढले. मुलांनी त्यातल्या ओळी यंत्रात उतरवून घ्याव्यात, चुकाव्यात, दुरुस्त कराव्यात आणि त्या भरात शिकावे, अशी ती रीत. आपल्या देशात १९८४ च्या सुमारास शाळांसाठी ‘क्लास’ नावाची सरकारी योजना निघाली आणि बी.बी.सी. मायक्रो हे संगणक निवडक शाळांत आले, त्यांवरही बेसिकच होती. त्या पिढीतल्या पुष्कळांची पहिली भाषा ती.

पण ‘ऑनलाइन’ म्हणजे दूर दूर बसलेल्यांनी एकत्र खेळणे. त्याची गोष्ट दोन ठिकाणी सुरू होते. एक अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. तिथे ‘प्लेटो’ नावाची शिक्षणासाठी उभारलेली संगणक-व्यवस्था होती. तिच्यावर धडे लिहिता यावेत म्हणून १९६७ मध्ये पॉल टेन्झर यांनी ‘ट्यूटर’ नावाची भाषा केली. शिक्षकांसाठी बरं का, खेळाडूंसाठी नव्हे! मौज अशी की, विद्यार्थ्यांनी त्याच भाषेत खेळ रचले. १९७३ मध्ये जॉन डॅलेस्के यांनी ‘एम्पायर’ रचला आणि अनेक जण निरनिराळ्या पडद्यांवरून एकाच लढाईत उतरू लागले.

दुसरे ठिकाण इंग्लंडातले एसेक्स विद्यापीठ. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ सुरू केला. चित्रे नाहीत, आवाज नाही, फक्त अक्षरे. तुम्ही ‘उत्तरेला जा’ असे टंकायचे आणि पुढच्या दालनाचे वर्णन वाचायचे. त्या दालनात दुसरा खेळाडू असेल तर तोही दिसायचा. पहिला मसुदा असेंब्लीत होता. तो वाढवता वाढवता हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा ट्रबशॉने तो बी.सी.पी.एल. या भाषेत नव्याने लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या सहाध्यायाने पुढे तडीस नेला. १९८० मध्ये हा खेळ आर्पानेट या जाळ्याशी जोडला गेला. आजच्या ऑनलाइन खेळांचा तो मूळपुरुष.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रबशॉने पहिली भाषा टाकली, पण खेळ टाकला नाही. दालने कशी जोडायची, दोन खेळाडूंनी एकच वस्तू उचलली तर ती कोणाची, एखादा मध्येच निघून गेला तर काय करायचे, हे सारे त्याला पहिल्या मसुद्याने शिकवले होते. दुसऱ्या भाषेत जाताना ती शिकवण बरोबर गेली. आणि ज्या बी.सी.पी.एल.मध्ये तो गेला, तिच्यापासून ‘बी’ ही भाषा निघाली, आणि ‘बी’पासून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची ‘सी’. सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट या सगळ्यांच्या अंगावर त्या घराण्याच्या खुणा आहेत. एक नीट आली की बाकीच्यांचे बोलणे निम्मे कळते.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा अनुभव परका नाही. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे सारे विषय उर्दूतून शिकवले जात. घरी मराठी, कचेरीत उर्दू, असा दुपेडी संसार बीडकरांनी केला. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, आणि कारभार मराठीत आला. ज्याने त्रैराशिक उर्दूतून शिकले होते, त्याला ते मराठीत पुन्हा शिकावे लागले नाही. शब्द बदलले, हिशेब तोच राहिला.

आता वेगाचा मुद्दा. सी प्लस प्लसचे कैवारी म्हणतात, ‘ती सर्वांत वेगवान, म्हणून तीच आधी.’ वेगवान आहे यात शंका नाही. आयडी कंपनीने १९९६ मध्ये काढलेला ‘क्वेक’ सीमध्ये लिहिला होता, आणि त्याला ती गरजच होती. पण तो टेलिफोनच्या तारेवरून खेळताना लोक हैराण झाले. कळ दाबल्यावर माणूस क्षणभराने हले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ ही सुधारलेली आवृत्ती आली. तिने भाषा बदलली नाही, युक्ती बदलली. खेळाडूच्या यंत्राने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पुढचे पाऊल अंदाजाने दाखवायचे, आणि उत्तर आल्यावर फरक असेल तर सावरून घ्यायचे.

असे का करावे लागते, याचा हिशेब आपणच करून पाहू. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बीडहून मुंबई धरा ४०० किलोमीटर. जाऊन येऊन ८०० झाले, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग चार वेळा. सर्व्हर अमेरिकेत १३,००० किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यातच असे १३० भाग गेले. शिवाय गावच्या टॉवरची गर्दी आणि वाटेतले थांबे निराळेच. हा उशीर कुठलीही भाषा भरून काढू शकत नाही. म्हणून तर २००३ मध्ये आइसलंडच्या कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’ हा हजारो खेळाडूंचा अवकाशातला खेळ पायथनच्या एका प्रकारात उभा केला. पायथन संथ म्हणून नावाजलेली, तरी तो चालला. नि २००१ मध्ये अँड्र्यू गोवर यांनी ‘रूनस्केप’ जावामध्ये केला. शाळेच्या साध्या संगणकावर ब्राउझर उघडला की खेळ सुरू, हीच त्याची ताकद.

काही भाषा बुडाल्या, हेही सांगितले पाहिजे. २००० नंतरच्या दहा वर्षांत ब्राउझरमधले असंख्य खेळ फ्लॅशवर चालत आणि ते अॅक्शनस्क्रिप्टमध्ये लिहिले जात. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. ज्यांनी फक्त त्या भाषेचे हातखंडे पाठ केले होते, त्यांचे हात रिकामे झाले. ज्यांनी खेळ कसा उभा राहतो ते समजून घेतले होते, ते दुसऱ्या गाडीत बसले.

आणि भाषा फक्त मोठ्या देशांतच जन्मतात असेही नाही. १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात तीन जणांनी ‘लुआ’ ही छोटी भाषा केली. त्या देशात परदेशी संगणक-सामग्रीवर वर्षानुवर्षे निर्बंध होते, तेव्हा घरचे घरी करण्याची सवय लागलेली. तीच लुआ पुढे २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आणि ‘रोब्लॉक्स’मध्ये गेली. ‘गोडो’ हे खेळ रचण्याचे मोफत साधन अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवले आणि २०१४ मध्ये सर्वांना खुले केले. २०१५ मध्ये मातेउस व्हालादारेस या १९ वर्षांच्या ब्राझिलियन तरुणाने ‘अगार’ हा ब्राउझरमधला खेळ थोड्याच दिवसांत रचला आणि तो जगभर पसरला.

आपल्याकडची हकीकत सांगायची तर १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत एक भाषा उभी केली होती. वर्षअखेर तिचे नाव जावास्क्रिप्ट पडले. घाईत झालेली, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. पण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आली. २००९ मध्ये रायन डाल यांच्या ‘नोड’मुळे ती सर्व्हरवरही चालू लागली. २०११ च्या डिसेंबरात ‘वेबसॉकेट’चे प्रमाण ठरले आणि ब्राउझर नि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी वाट मिळाली. २०१६ मध्ये स्वस्त फोर-जी आले आणि इंटरनेट वाड्यावस्त्यांत पोचले. त्याच वर्षी नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ काढला. घरोघरचा जुना लुडो, तो दूरदूरच्या माणसांत खेळता येऊ लागला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. कल्पना साधी होती. लोकांच्या ओळखीची होती.

आता दासोपंतांची एक आठवण सांगतो. हेही अंबाजोगाईचे, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ, आणि कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिणारे म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. ‘गीतार्णवा’त त्यांनी मराठीची बाजू मांडताना म्हटले आहे की, संस्कृतात ‘घट’ म्हटले की झाले, पण मराठीत हारा, डेरा, रांजण अशी प्रत्येक भांड्याला निराळी नावे आहेत. एका शब्दाने ते सारे भेद कसे कळावेत? संगणकाच्या भाषांतही नेमका हाच भेद आहे. सी आणि जावा दासोपंती वळणाच्या. पूर्णांकाचे भांडे वेगळे, अपूर्णांकाचे वेगळे, अक्षरांचे वेगळे. आधी सांगा मगच ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये एकच घट, त्यात काहीही भरा. नवशिक्याला ते सोपे वाटते, पण फसगतही तिथेच होते. जाळ्यावरून खेळाडूचे गुण ‘५’ असे अक्षररूपाने आले, आणि तुम्ही त्यात १ मिळवला, तर उत्तर ६ न येता ‘५१’ येते! दोन अक्षरे शेजारी शेजारी बसली, बेरीज झालीच नाही. ही खोड ज्याने एकदा पकडली, त्याला भांड्यांची नावे का लागतात ते कायमचे कळले.

मग निवड कोणती करावी? माझे उत्तर असे. ज्याला ऑनलाइन खेळच करायचा आहे आणि ज्याच्यापाशी जेमतेम एक जुना संगणक आहे, त्याने जावास्क्रिप्ट धरावी. तिला ब्राउझर आणि साधे लिहिण्याचे साधन पुरते. खेळाडूकडची बाजू आणि सर्व्हरची बाजू एकाच भाषेत लिहिता येते. आणि केलेला खेळ मित्राला दाखवायला नुसता पत्ता धाडला की झाले. ज्याच्या शाळेत किंवा कॉलेजात पायथन शिकवतात, त्याने पायथनच चालू ठेवावी. शेजारी विचारायला माणूस असणे ही फार मोठी गोष्ट आहे. सी प्लस प्लस आणि सी शार्प पुढे येतीलच. ज्या दिवशी तुमच्या खेळाला त्यांची गरज पडेल, तो दिवस त्या शिकण्याचा.

इंग्रजीची भीती पुष्कळांना वाटते. ती अर्धी अनाठायी आहे. १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये राखीव शब्द अवघे ३२. आजच्या पायथनमध्ये ३५. एवढे शब्द पाचवीचा मुलगाही पाठ करील. बाकीची नावे तुमची तुम्ही ठेवायची असतात, आणि ती मराठीत ठेवता येतात. पायथनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आणि जावास्क्रिप्टने त्याही आधीपासून देवनागरी अक्षरांतली नावे मान्य केली आहेत. ‘गुण’, ‘डाव’, ‘पाळी’ असे लिहिले तरी यंत्र कुरकुरत नाही. पुढे इतरांबरोबर काम करताना इंग्रजी नावे ठेवावी लागतील, पण समजण्याची पहिली पायरी आपल्या बोलीत चढायला कोणाची ना आहे?

आणि पहिला खेळ कोणता? नवकांकरी घ्या. महाराष्ट्रात कित्येक जुन्या देवळांच्या ओट्यांवर तिचा पट कोरलेला सापडतो. चोवीस ठिकाणे, दोघांच्या नऊ-नऊ कांकऱ्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. आधी हा पट एकाच पडद्यावर दोघांसाठी करा. तो चोख चालला की मगच सर्व्हरवर न्या. तिथे एक नियम पक्का ठेवा : पट सर्व्हरपाशी, खेळाडूने फक्त ‘इथून तिथे’ एवढे सांगायचे, आणि चाल नियमात बसते की नाही हे सर्व्हरने पंचासारखे ठरवायचे. कारण खेळाडूच्या मोबाईलमधला प्रोग्रॅम खेळाडूच्या हातात असतो. तो त्यात वाटेल ती लबाडी करू शकतो. शेवटी, डाव रंगात असताना रेंज गेली तर काय, याची सोय करा. मांडलेला पट जपून ठेवा, म्हणजे तो परत आल्यावर डाव तिथूनच पुढे चालेल. आपल्या भागात ही सोय नसलेला खेळ कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

पालकांसाठी एक शब्द. ऑनलाइन खेळ म्हटले की पुष्कळ घरांना पत्त्यांत गेलेला पैसा आठवतो. ती काळजी खोटी नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीच्या खेळांना मात्र उत्तेजन देण्याचे ठरवले. तुमची मुलगी नवकांकरी रचते आहे, ती या दुसऱ्या जातीची. तिला रोज तासभर संगणक आणि थोडी शांतता द्या.

आणि तुम्हा शिकणाऱ्यांना एवढेच सांगतो की, निवडीच्या चर्चेत आठवड्याहून अधिक काळ घालवू नका. एक भाषा धरा, एक पट पुरा करा, शेजारच्या गावच्या मित्राला खेळायला बोलवा. तो हरला आणि ‘तुझा खेळ चुकतो आहे’ म्हणून भांडायला आला, की समजा, शिक्षण सुरू झाले. तो कुठे बोट ठेवतो ते नीट ऐका आणि त्या रात्रीच ती चूक काढा.